ऑफाच्या बांधाचे वय किती?

शेताच्या बांधावरून होणारे तंटे आपल्याकडे कोणाला ठाऊक नाहीत? अमुक बांध कोणी घातला, केव्हा घातला, तो मूळच्या जागी आहे की कोणी हातभर सरकवला आहे, याचा निवाडा करावयाचा झाला तर तलाठ्याचे दप्तर उघडतात, मोजणीचा नकाशा काढतात, गावातील एखाद्या वृद्धाची साक्ष घेतात. पण समजा, दप्तर नाही, नकाशा नाही आणि साक्ष द्यायला कोणी जिवंतही नाही. उरला आहे तो नुसता बांध, म्हणजे मातीचा एक लांबट ढीग. मग त्या मातीलाच तिचे वय विचारता येईल काय?

असा एक बांध ब्रिटनमध्ये आहे. तो दोन शेतांच्या नव्हे, दोन राज्यांच्या मध्ये घातलेला आहे. ब्रिटन बेटाच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आणि पूर्वेस इंग्लंड. या दोहोंच्या सीमेच्या आसपास कुरणांतून, झाडीतून, टेकड्यांच्या उतारांवरून हा बांध दक्षिणोत्तर गेलेला दिसतो. कोठे तो अडीच मीटर उंच आहे, कोठे जेमतेम गुडघ्याएवढा, तर कोठे नांगरटीखाली पार सपाट झाला आहे. त्याच्या पश्चिम अंगास एक चर आहे. जेथे दोन्ही चांगले टिकले आहेत, तेथे चर आणि बांध मिळून सुमारे २० मीटर रुंदी भरते. तुकड्यातुकड्यांनी आज त्याची सुमारे १३० किलोमीटर लांबी शिल्लक आहे. इंग्रजीत त्याला 'ऑफाज डाइक' म्हणतात आणि वेल्श भाषेत 'क्लाउध ऑफा'. त्याच्यावर वसलेल्या नायटन या छोट्या गावाच्या वेल्श नावाचा अर्थच मुळी 'बांधावरचे गाव' असा आहे.

गंमत अशी, की जुन्या इंग्रजीतील ज्या शब्दापासून 'डाइक' हा शब्द आला, त्याच शब्दापासून 'डिच' म्हणजे चर हाही शब्द आला. वेल्शमधील 'क्लाउध' या शब्दाचेही तसेच, त्याचा अर्थ बांधही होतो आणि चरही. खणणाऱ्याच्या दृष्टीने ते एकच काम होते. खाली चर खणला, की वर बांध आपोआप तयार!

एका वाक्याचा आधार

हा ऑफा कोण? इ. स. ७५७ ते ७९६ या काळात मर्सिया नावाच्या राज्यावर त्याचे राज्य होते. त्या वेळी इंग्लंड हा एक देश नव्हता. अँग्लो-सॅक्सन लोकांची निरनिराळी राज्ये तेथे होती आणि मध्य इंग्लंडातील मर्सिया हे त्यांतील सर्वांत बलाढ्य. ऑफाचा दबदबा मोठा होता. त्याच्या नावाचे एक सोन्याचे नाणे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बगदादचा खलिफा अल् मन्सूर याच्या दिनाराची ती नक्कल आहे. नाण्यावर हिजरी सन १५७, म्हणजे इ. स. ७७४, दिलेला असून अरबी मजकूर जसाच्या तसा उतरवला आहे आणि त्याच्या मध्ये लॅटिन लिपीत 'ऑफा रेक्स', म्हणजे ऑफा राजा, अशी अक्षरे आहेत. ती अरबी मजकुराच्या मानाने उलटी पडली आहेत! ठसा कोरणाऱ्या कारागिराला अरबीचे एक अक्षरही वाचता येत नव्हते, हे उघड आहे.

मात्र हा बांध ऑफाने घातला हे कशावरून? त्याच्या काळचा एकही लेख तसे सांगत नाही. इ. स. ८९३ मध्ये ॲसर नावाच्या वेल्श धर्मगुरूने आल्फ्रेड राजाचे चरित्र लिहिले. त्यात ओघाने तो सांगतो, की ऑफा नावाच्या राजाने वेल्स आणि मर्सिया यांच्यामध्ये एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत मोठा बांध घालविला. ऑफा जाऊन तेव्हा ९७ वर्षे लोटली होती. जुन्यातला जुना लेखी आधार काय तो हा एवढाच. तंट्यात अशी ऐकीव साक्ष कितपत चालेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

शिवाय ही साक्ष जमिनीशी पुरती जुळत नाही. 'समुद्रापासून समुद्रापर्यंत' म्हणावे, तर ऑफाच्या बांधाची स्पष्ट रेषा उत्तरेकडे मोल्ड गावाच्या परिसरात, समुद्रकिनाऱ्याच्या अलीकडेच, संपते. किनाऱ्यापर्यंत जातो तो वेगळाच बांध. त्याला वॉटचा बांध म्हणतात. तो ऑफाच्या बांधाच्या पूर्वेस थोड्या अंतरावरून, जवळजवळ समांतर असा, सुमारे ६४ किलोमीटर जातो. हा वॉट कोण, हे तर ॲसरही सांगत नाही. दक्षिणेकडे हेरफर्डशरच्या सपाटीत ऑफाच्या बांधाचे तुरळक तुकडेच सापडतात आणि पुढे वाय नदीच्या काठाने पुन्हा बांध दिसू लागतो. हे तुकडे एकाच बांधाचे आहेत काय?

पायी केलेली पाहणी

या प्रश्नाचा शास्त्रीय पद्धतीने पाठपुरावा प्रथम सिरिल फॉक्स यांनी केला. वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे ते १९२६ पासून संचालक होते. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर मॉर्टिमर व्हीलर होते. हेच व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि खणलेल्या खड्ड्याची बाजू उभी तासून तिच्यातील मातीचे थर वाचण्याची शिस्त त्यांनी आपल्याकडील तरुण संशोधकांना लावली. थरांचे हेच वाचन बांधाच्या कामी येते, ते कसे हे पुढे येईलच.

फॉक्स यांनी १९२५ पासून अनेक उन्हाळे हा बांध पायी पालथा घातला. ठिकठिकाणी त्याची उंची, चराची खोली, उताराची दिशा यांची मोजमापे घेतली. चर बहुतेक ठिकाणी पश्चिमेस आणि बांध पश्चिमेकडील उतारावर अशा बेताने घातलेला, की त्यावर उभे राहिले असता वेल्सच्या बाजूचा दूरवरचा मुलूख नजरेत यावा. याचा अर्थ बांध घालणारे पूर्वेचे होते. फ्रिथ या ठिकाणी बांध रोमन काळातील वस्तीच्या अवशेषांवरून गेलेला त्यांना आढळला. म्हणजे तो रोमन वस्तीनंतरचा, एवढे तरी पक्के झाले.

त्यांचे आणखी एक निरीक्षण मोठे मार्मिक आहे. बांध कोठे दोरी लावल्यासारखा सरळ जातो, तर कोठे नागमोडी. फॉक्स यांचा तर्क असा, की सरळ भाग आखला गेला तेव्हा तेथे मोकळी जमीन असली पाहिजे. खुणेचे टोक लांबून दिसत होते. नागमोडी भागात दाट जंगल असावे, त्यामुळे पुढचे दिसत नव्हते. म्हणजे बांधाच्या वळणांवरून हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या वनांचा नकाशा काढण्याचाच हा प्रयत्न होता! हा तर्क सर्वांना मान्य झाला नाही. वाकडी रेषा जमिनीच्या चढउतारामुळेही येऊ शकते. तथापि प्रश्न विचारण्याची ही रीत शिकण्यासारखी आहे.

फॉक्स यांच्यानंतर डेव्हिड हिल आणि मार्गारेट वर्दिंग्टन यांनी १९७० नंतरच्या दशकांत बांधावर ठिकठिकाणी उत्खनने केली. किंग्टनजवळच्या रशॉक टेकडीपासून मोल्डच्या परिसरापर्यंतचा १०३ किलोमीटरांचा सलग भाग तेवढा ऑफाचा, असे मत त्यांनी मांडले. हा भाग त्या काळच्या पॉविस या वेल्श राज्याच्या समोर येतो. पॉविस आणि मर्सिया यांचे वैर होते याला स्वतंत्र पुरावाही आहे. लॅनगॉलन गावाजवळ एलिसेगचा स्तंभ म्हणून एक मोडका दगडी खांब उभा आहे. नवव्या शतकात पॉविसच्या राजाने तो आपल्या पणजोबांच्या स्मरणार्थ उभारला. पणजोबांनी इंग्रजांच्या हातून पॉविसचा मुलूख सोडविला, असे त्यावरील लेखात होते. आज ती अक्षरे झिजून गेली आहेत. १६९६ मध्ये एडवर्ड लुइड यांनी लेखाची नक्कल करून ठेवली म्हणून आपल्याला तो कळतो. १०३ किलोमीटरांचे हे मत मात्र वादग्रस्त आहे. दक्षिणेकडील वाय नदीकाठचा भागही याच बांधाचा, असे मानणारे संशोधक आजही आहेत.

दोन लाख ब्रास माती

एवढे काम त्या काळी कसे झाले असेल, याचा हिशेब आपण स्वतःच करून पाहू. चर वर ६ मीटर रुंद, मध्यभागी २ मीटर खोल आणि छेदात त्रिकोणी आहे असे धरू. त्रिकोणाचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. म्हणजे दर मीटर लांबीला ६ घनमीटर माती निघाली. १०० किलोमीटर लांबीला ६ लाख घनमीटर झाली. रोजगार हमीच्या कामावर माती ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. या मापाने ही माती २ लाख १२ हजार ब्रास होते. एका माणसाने दिवसाला २ घनमीटर माती खणून वर टाकली असे धरले, तर ३ लाख दिवसांचे काम झाले. पाच हजार माणसे लावली तर ६० दिवसांत उरकते! आखणी, झाडतोड, खाण्यापिण्याची व्यवस्था हे सर्व धरले आणि गती निम्मी केली, तरी दोन-तीन उन्हाळ्यांचे काम. हे आकडे आपण मानलेले आहेत, पण त्यांवरून एक गोष्ट कळते. असले काम अशक्य मुळीच नव्हते. हवी होती ती माणसे कामावर आणण्याची सत्ता. आठव्या शतकातील मर्सियाच्या सनदांत पूल बांधणे आणि किल्लेकोट बांधणे या कामांतून कोणालाही सूट नाही, असे म्हटलेले आढळते. आपल्याकडील वेठीचाच तो प्रकार.

उलटा रचलेला ढीग

आता मातीकडे वळू. बांध घालणारा माणूस चर खणू लागला, की प्रथम वरचे गवत आणि काळी सुपीक माती निघते. ती बांधाच्या तळाशी पडते. मग खालचा मुरूम किंवा पिवळी चिकणमाती निघते. ती त्यावर पडते. सर्वांत खोलची माती शेवटी सर्वांत वर. म्हणजे बांधातील थरांचा क्रम जमिनीतील क्रमाच्या नेमका उलट असतो. बांध आडवा कापून त्याचा छेद पाहिला की हा उलटा क्रम लगेच ओळखू येतो. क्रम उलटा नसेल, तर तो उंचवटा निसर्गनिर्मित असण्याचा संभव असतो. काही ठिकाणी बांधाची पश्चिम बाजू गवताच्या जाड ढेपा रचून उभी केलेली सापडते. त्या ढेपांचे काळपट पट्टे छेदात विटांच्या थरांसारखे दिसतात.

याहून मोलाची गोष्ट बांधाच्या खाली असते. बांध जेथे पडला तेथील जुनी जमीन त्याच्या भाराखाली झाकून राहते. बांधामुळे ऊन, पाऊस, नांगर यांपासून ती सुरक्षित असते. त्या जमिनीतील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात आणि बांध पडण्यापूर्वी तेथे जंगल होते, कुरण होते की धान्याचे शेत, ते कळते.

पण ढीग बाराशे वर्षे तसाच राहतो असे नाही. तो कसा बदलतो हे पाहण्यासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञांनी एक विलक्षण प्रयोग योजला. १९६० मध्ये विल्टशरमधील ओव्हर्टन डाउन येथे खडूच्या खडकात त्यांनी एक नवा बांध आणि चर मुद्दाम तयार केला. सर्व मापे टिपून ठेवली. बांधात चामडे, कापड, लाकूड, हाडे अशा वस्तू ठरावीक जागी पुरल्या. मग २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी त्याचा एकेक भाग कापून पाहावयाचे ठरविले. पहिल्या काही हिवाळ्यांतच चराच्या उभ्या कडा ढासळल्या. तेथे हे काम हिमतुषार करतो. खडकातील पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि खडकाचे कपचे निघतात. ते तळाच्या कोपऱ्यांत साचले. पुढे उतार सौम्य झाला, गवत रुजले आणि बदलाची गती एकदम मंदावली. म्हणजे चर भरण्याचे बरेचसे काम आरंभीच्या थोड्या वर्षांत होते आणि नंतर शतकानुशतके तो जवळजवळ तसाच राहतो. गांडुळे मात्र थांबत नाहीत. खालची माती वर आणून ती पृष्ठभागावरच्या वस्तू हळूहळू गाडत असतात, हे चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्येच दाखवून दिले होते. या प्रयोगाचा शेवटचा छेद, योजनेप्रमाणे, २०८८ मध्ये घ्यावयाचा आहे. ज्यांनी तो प्रयोग मांडला त्यांपैकी कोणीही तो पाहावयास असणार नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

बांध पुरता नांगरला गेला तरी चर जमिनीखाली भरलेल्या अवस्थेत शिल्लक असतो. भरावाची माती खोल आणि ओलसर. म्हणून कोरड्या वर्षी त्या पट्ट्यावरचे पीक आजूबाजूच्या पिकाहून उंच व हिरवे राहते. विमानातून हा पट्टा स्पष्ट दिसतो. जुन्या बुजवलेल्या विहिरीवर किंवा खड्ड्यावर आलेले हिरवेगार पीक आपल्याकडील शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. त्यातलाच हा प्रकार.

कार्बनची साक्ष

थरांवरून आधी काय, नंतर काय हे कळते, साल कळत नाही. सालासाठी किरणोत्सर्गी कार्बनचा उपयोग करतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास ही पद्धत सिद्ध केली आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हवेतील कार्बनच्या एक लाख कोटी अणूंमागे सुमारे एक अणू कार्बन-१४ चा असतो. वनस्पती जिवंत असेपर्यंत तिच्यातही हे प्रमाण राहते. ती मेली की नवा पुरवठा थांबतो आणि असलेला कार्बन-१४ क्षय पावू लागतो. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो.

या नियमाने गणित करा. १,२५० वर्षांपूर्वीच्या, म्हणजे ऑफाच्या काळच्या, वनस्पतीत मूळच्या कार्बन-१४ पैकी सुमारे ८६ टक्के शिल्लक असेल. त्याहून २०० वर्षे जुनी असेल तर ८४ टक्के. बांध ऑफाचा की त्याच्या दोनशे वर्षे आधीच्या कोणाचा, हा सारा वाद या दोन टक्क्यांवर अवलंबून आहे! मोजणी किती काटेकोर हवी, ते यावरून दिसेल. त्यात पुन्हा हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ तंतोतंत सारखे नव्हते. म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून उत्तर दुरुस्त करावे लागते आणि ते एका सालाऐवजी 'अमुक ते तमुक' असे मिळते.

वॉटच्या बांधावर १९९७ मध्ये ऑझवेस्ट्री गावाजवळ उत्खनन झाले. तेथे एका जुन्या चुलवणाचा कोळसा सापडला. त्याचे वय इ. स. ४११ ते ५६१ च्या दरम्यानचे आले. ऑफाच्या पूर्वी दोनअडीचशे वर्षे! मग वॉटचा बांध तितका जुना म्हणायचा काय?

येथे घाई करून चालत नाही. समजा, एखाद्या घराच्या पायाखाली १९६२ सालचा नया पैसा सापडला. त्यावरून घर १९६२ च्या आधीचे नाही, एवढे खात्रीने म्हणता येईल. पण ते १९६२ मध्येच बांधले असे म्हणता येईल काय? १९९० मध्ये पाया खणतानाही तो पैसा तेथे पडू शकतो. कोळशाचे तसेच आहे. तो झाड केव्हा मेले ते सांगतो, बांध केव्हा पडला ते सांगत नाही.

वाळूच्या कणातले घड्याळ

म्हणून असा काही पुरावा हवा, की जो मातीचे ढीग रचण्याच्या क्रियेलाच चिकटलेला असेल. तो मातीतील क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या, बारीक कणांत सापडला. मातीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचा किंचित अंश सर्वत्र असतो. त्यांच्या प्रारणामुळे क्वार्ट्झच्या स्फटिकातील काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातील दोषांच्या जागी अडकून पडतात. कण अंधारात असेपर्यंत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढत जाते. कणावर ऊन पडले, की ते सारे सुटतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. म्हणजे शेवटचे ऊन केव्हा पाहिले, याची नोंद प्रत्येक कणात असते!

नमुना घेताना छेदाच्या भिंतीत धातूची नळी ठोकतात आणि तोंडे बंद करून ती प्रयोगशाळेत नेतात. तेथे छायाचित्रकाराच्या अंधारखोलीप्रमाणे मंद तांबड्या उजेडात ती उघडतात. मग कणांवर ठरावीक प्रकाश टाकला, की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि कण अत्यंत क्षीण प्रकाश बाहेर टाकतात. तो मोजला की कणांनी एकूण किती प्रारण शोषले ते कळते. त्याला एका वर्षाच्या मात्रेने भागले की वय निघाले. उदाहरणार्थ, एकूण मात्रा ३.६ एकक आणि वर्षाला ०.००३ एकक असेल, तर वय १,२०० वर्षे. अडचण एकच. फावडेभर माती एकगठ्ठा टाकली गेली, तर आतील कणांना ऊन लागतच नाही. त्यांचे घड्याळ शून्यावर येत नाही आणि वय जास्त निघते. पाण्याबरोबर हळूहळू वाहून आलेल्या गाळात हा धोका कमी.

२००६ मध्ये वॉटच्या बांधावर गोबोवेन येथे या पद्धतीने नमुने तपासले. उत्तर आले नवव्या शतकाच्या सुरुवातीचे, म्हणजे ऑफाच्याही नंतरचे! चुलवणाचा कोळसा खोटा ठरला नाही. चूल पेटली होती ती पाचव्या-सहाव्या शतकातच. फक्त बांधाशी तिचा संबंध आपण समजलो तसा नव्हता.

आणि खुद्द ऑफाचा बांध? २०१४ मध्ये चर्क गावाजवळ क्लुइड-पॉविस पुरातत्त्व न्यासाच्या संशोधकांनी बांधातील गवताच्या ढेपांच्या कार्बनचे वय काढले. एका छेदात ते इ. स. ४३० ते ६५२ च्या दरम्यानचे आले आणि दुसऱ्यात इ. स. ८८७ ते १०१९ च्या दरम्यानचे. ऑफाचा काळ नेमका दोहोंच्या मध्ये! काही वृत्तपत्रांनी 'बांध ऑफाचा नव्हेच' असे मथळे दिले. माझ्या मते तसे म्हणणे उतावळेपणाचे आहे. गवताच्या ढेपेत जुना कुजलेला पालापाचोळाही असतो आणि त्यामुळे वय मागे जाऊ शकते. शिवाय १३० किलोमीटरांपैकी थोड्या मीटरांचाच हा जबाब आहे. बांध एकदाच बांधला गेला, हे गृहीतच कदाचित चूक असेल. एका राजाने सुरुवात केली, दुसऱ्याने वाढविला, पुढे कोणी डागडुजी केली, असेही घडले असेल. दहाव्या शतकाच्या आसपासचे वय या डागडुजीकडेच बोट दाखविते.

असे दुसरीकडे घडल्याचा भक्कम पुरावा आहे. जटलंड द्वीपकल्पाच्या पायथ्याशी, आजच्या जर्मनीत, 'डानेव्हिर्क' नावाचा डेन लोकांचा सरहद्दीचा बांध आहे. फ्रँक लोकांच्या बखरीत तो इ. स. ८०८ मध्ये गोडफ्रेड राजाने घालावयास घेतल्याची नोंद आहे. पण बांधाच्या एका भागात ओकाची लाकडे सापडली. त्यांची वलये मोजल्यावर ती इ. स. ७३७ च्या सुमारास तोडलेली निघाली. बांधाचे काही भाग तर त्याहूनही जुने आहेत. बखरकाराने खोटे लिहिले असे नव्हे. गोडफ्रेडने आयत्या बांधात भर घातली आणि नाव त्याचे झाले. ऑफाच्या बांधात अशी लाकडे मिळाली असती, तर वाद केव्हाच मिटला असता.

झिजणारा पुरावा

आजची इंग्लंड-वेल्स सीमा या बांधावरून फारच थोडी जाते. ती सोळाव्या शतकातील कायद्यांनी ठरली. बांधाच्या आसपासच्या प्रदेशातून १९७१ मध्ये २८५ किलोमीटरांची पायवाट लोकांसाठी खुली झाली. एव्हरेस्टवरील १९५३ च्या मोहिमेचे नेते जॉन हंट यांच्या हस्ते नायटन येथे तिचे उद्घाटन झाले. ही वाट आजची सीमा वीसहून अधिक वेळा ओलांडते. चालणाऱ्यांची पावले, मेंढ्यांचे खूर, सशांची बिळे, झाडांची मुळे आणि नांगर हे सर्वजण बांधाची माती थोडी थोडी हलवीत असतात.

ऑगस्ट २०१३ मध्ये मात्र एका जागी हे काम यंत्राने झाले. चर्कजवळच बांधाचा सुमारे ४५ मीटरांचा भाग सपाट केला गेला. कायद्याने संरक्षण असूनही कोणावर खटला झाला नाही. सपाट केलेली माती पुन्हा रचून बांधाला पूर्वीचा आकार देता येईल, त्यावर गवतही लावता येईल. पण थरांचा उलटा क्रम, ढेपांचे काळे पट्टे, त्यांच्याखालची जुनी जमीन यांतले काही परत येणार नाही. आणि यंत्राच्या फाळाने उलटीसुलटी झालेल्या त्या मातीतील ज्या ज्या कणांवर त्या दिवशी ऊन पडले, त्यांची घड्याळे शून्यावर आली. पुढे कोणी त्यांना वय विचारले, तर ते २०१३ साल सांगतील.